मागचा शॉकअप आणि पहिले साठ फूट

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सेकंदाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. गावच्या यात्रेत बैलगाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या पट्टीवर सुटतो, एकटाच पळतो, आणि त्याची स्पर्धा असते ती घड्याळाशी. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिल्यापासून घाट पुन्हा गजबजले आहेत. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव आटोपल्यावर सगळ्यांचे कान लागतात ते सेकंदाच्या आकड्याकडे. ड्रॅग रेसिंग हा खेळही त्याच जातीचा. सरळ पट्टी, जागेवरून सुटायचं, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर अंतर कापायचं, आणि लागलेला वेळ पाहायचा.

पिंपरी पेंढार, ओतूर, आळेफाटा या पट्ट्यातल्या पोरांत या खेळाचं वेड आहे. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाने ड्रॅग शर्यती भरल्या आहेत, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मोटरसायकलींची राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा होते, आणि त्यांचे व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतात. पण गॅरेजात चर्चा निघाली की ती इंजिनापासून सुरू होते आणि इंजिनावरच संपते. बोअर वाढवला का, कार्बोरेटर कुठला, सायलेन्सर कुणाकडून करून घेतला. मागच्या शॉकअपकडे पाहायला कुणाला सवड नसते. खरं तर पुणे-नाशिक रस्त्याने तास-दीड तास खाली गेलं की चाकण लागतं. तिथे बजाजच्या कारखान्यात पल्सर आणि केटीएम बनतात, आणि गॅब्रिएलसारखी शॉकअप बनवणारी कंपनीही तिथेच आहे. म्हणजे वस्तू आपल्या दारात तयार होते, तिची सेटिंग मात्र आपण शोरूममधून गाडी आली तशीच ठेवतो, किंवा कुणाचं तरी पाहून रिंग शेवटच्या खाचेवर नेऊन मोकळे होतो.

या लेखात मागच्या शॉकअपची सेटिंग कशी करायची ते क्रमाने सांगतो. सांगण्याचा गाभा एवढाच: शॉकअप पकड निर्माण करत नाही. टायरवर येणारं वजन किती वेगाने आणि किती स्थिरपणे यावं, एवढंच त्याच्या हातात असतं. म्हणून आधी आपल्या गाडीची अडचण ओळखायची, मग पाना हातात घ्यायचा.

पण त्याआधी एक गोष्ट. हे सगळं बंद ट्रॅकसाठी आहे. कल्याण-अहिल्यानगर महामार्ग रात्री मोकळा दिसला तरी तिथे कांद्याचे टेंपो असतात, उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या उभ्या असतात आणि उसातून बिबट्याही रस्त्यावर येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुदैवाने शॉकअपचं निम्म्याहून जास्त काम अंगणातच होतं, आणि उरलेलं स्पर्धेच्या ठिकाणी.

वजन कुठे जातं

क्लच सोडला की गाडी ‘मागे बसते’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात पुढच्या चाकावरचा भार कमी होऊन मागच्यावर जातो. किती जातो, हे चार गोष्टी ठरवतात: गाडी किती जोरात वेग घेते, गाडी आणि स्वार मिळून वजन किती, त्या वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे, आणि दोन चाकांमधलं अंतर किती. या यादीत शॉकअप नाही, हे लक्षात घ्या.

एक हिशोब करू. गाडी १५० किलो, स्वार ७० किलो, एकूण २२०. उभ्या गाडीत पुढे १०५ आणि मागे ११५ किलो. चाकांमधलं अंतर १.३६ मीटर, वजनाचा मध्य साधारण ६२ सेंटिमीटरवर. दीडशे-दोनशे सीसीची गाडी चार सेकंदांच्या आत साठचा वेग गाठते तेव्हा तिचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.४५ पटीच्या आसपास असतो. हे आकडे मांडले की सुमारे ४५ किलो भार पुढून मागे जातो. मागच्या टायरवर आता १६० किलो, पुढे ६०.

हे ४५ किलो शॉकअप मऊ असो वा कडक, येणारच. फरक पडतो तो कसे येतात यात. शॉकअप फार मऊ असेल तर गाडी आधी बसत राहते, भार टायरपर्यंत उशिरा पोहोचतो, आणि तोवर इंजिनाने टायर फिरवून टाकलेला असतो. शॉकअप उसळीत ढिला असेल तर गाडी बसते आणि लगेच परत वर येते. त्या वर येण्याच्या क्षणी टायर हलका होतो आणि जागेवर फिरतो. फार कडक असेल तर पट्टीवरचा प्रत्येक उंचवटा टायरला उडवतो.

जगातल्या सर्वांत वेगवान ड्रॅग गाड्यांत, म्हणजे अमेरिकेतल्या टॉप फ्युएल वर्गात, मागे सस्पेन्शनच नसतं. ॲक्सल सरळ चासीला बांधलेला असतो. चासी वाकते आणि मोठ्या मऊ टायरची भिंत चुरगळते, तेवढंच त्यांचं सस्पेन्शन. अनेक ड्रॅग बाइकमध्येही शॉकअप काढून तिथे घन दांडा बसवतात. पण त्यांच्याकडे तसला टायर आणि तशी चिकट, तयार केलेली पट्टी असते. आपल्याकडे शोरूमचा टायर आणि विमानाची धावपट्टी. त्यामुळे दांडा बसवण्याची नक्कल करू नका.

आधी रोग ओळखा

सगळं सेटिंग एका प्रश्नावर उभं आहे: सुटताना तुमचं मागचं चाक जागेवर फिरतं, की पुढचं चाक उचलतं?

दोन्हींचा इलाज एकमेकांच्या उलट आहे. पुढचं चाक उचलत असेल तर भार गरजेपेक्षा जास्त मागे जातोय. तिथे गाडी खाली घेणं, पुढचा फोर्क पट्ट्याने दाबून बांधणं, चिमटा म्हणजे स्विंगआर्म लांब करणं, याचा फायदा होतो. हे दुखणं मोठ्या ताकदीच्या गाड्यांचं. मागचं चाक फिरत असेल तर भार कमी पडतोय किंवा उशिरा पोहोचतोय. तिथे गाडी खाली घेतली तर वजनाचा मध्य खाली जाईल, मागे जाणारा भार आणखी कमी होईल आणि चाक जास्तच फिरेल. अशा गाडीचा पुढचा फोर्क बांधायचा नसतो. तो मोकळा वर आला पाहिजे.

आपल्याकडे मोठ्या हायाबुसाचा फोटो पाहून दीडशे सीसीची गाडी जमिनीला टेकवतात ती इथे फसते. दिसायला गाडी ड्रॅगची झाली, पण पकड होती तीही गेली.

ओळखण्यासाठी मोबाइल पुरेसा आहे. गाडी सुटते तिथे बाजूला, सुरक्षित अंतरावर मित्राला उभं करा आणि स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. मागच्या मडगार्डवर एक आणि ॲक्सलच्या नटाशेजारी एक अशी पांढरी चिकटपट्टी लावा. व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिलात की दोन पट्ट्यांमधलं अंतर कधी घटतं, कधी वाढतं ते स्वच्छ दिसतं. जोडीला रस्त्यावरची टायरची खूण पाहा. सलग काळी रेघ म्हणजे चाक सरळ फिरतंय. रेघ तुटक-तुटक, टाके घातल्यासारखी असेल तर चाक उडतंय, म्हणजे शॉकअप चाकाला धरून ठेवत नाही. दोन्हींना वरवर पाहणारे ‘घसरतंय’ म्हणतात, पण औषध वेगळं.

अंगणात करायची मोजणी

सेटिंगला हात लावण्याआधी शॉकअप जिवंत आहे का ते बघा. सीटवर दाबून सोडा. गाडी वर येऊन एकदाच थांबली तर ठीक. दोन-तीनदा डोलली तर आतलं तेल किंवा गॅस गेला. दांड्यावर तेलाचा ओघळ असेल तर तपासायचीही गरज नाही. दोन शॉकअपची गाडी असेल तर बदलताना जोडी बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला तर चिमट्याला पीळ बसतो. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने आडवं हलवा. खडखड जाणवली तर चिमट्याचे बुश झिजलेत. ते आधी बदला, नाहीतर पुढची सगळी मोजणी फोल.

आता सॅग, म्हणजे भाराखाली गाडी किती बसते ते मोजायचं. तीन माणसं आणि एक टेप लागते. ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर किंवा सीटखालच्या पट्टीवर एक खूण करा. ही खूण शेवटपर्यंत हलवायची नाही.

पहिलं माप: मागचं चाक पूर्ण अधांतरी, शॉकअप पूर्ण उघडलेला. समजा ५६० मिलिमीटर आलं.

दुसरं माप: गाडी स्वतःच्या वजनावर जमिनीवर उभी, स्टँड वर, एकाने हँडल सरळ धरलेलं. समजा ५४८. म्हणजे रिकामी गाडी १२ मिलिमीटर बसली.

तिसरं माप: स्वार बसलेला, हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं घालून, पाय पेगवर आणि अंग सुटतानाच्या पवित्र्यात पुढे झुकलेलं. समजा ५२८. म्हणजे स्वारासह ३२ मिलिमीटर.

दुसरं आणि तिसरं माप दोनदा घ्या. एकदा गाडी खाली दाबून हळूच सोडून, एकदा वर उचलून हळूच सोडून. शॉकअपच्या आतल्या घर्षणामुळे दोन आकडे थोडे वेगळे येतात. त्यांची सरासरी धरा. टाकीत स्पर्धेला असेल तेवढंच पेट्रोल ठेवा. स्वार तोच हवा; पंचावन्न किलोच्या भावाची सेटिंग ऐंशी किलोच्या दादाला चालत नाही.

साध्या गाडीच्या मागच्या चाकाची पूर्ण चाल ११० ते १३० मिलिमीटर असते. स्वारासह बसणं चालीच्या २५ ते ३० टक्के असावं. वरच्या उदाहरणात १२० पैकी ३२, म्हणजे २७ टक्के. सुरुवातीला इथून निघायला हरकत नाही.

दोन्ही आकड्यांची जोडी बरंच काही सांगते. स्वारासह ३२ बरोबर येतंय, पण रिकामी गाडी अजिबात बसत नाही, असं असेल तर तुमच्या वजनाला स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही रिंग पिळून वेळ मारून नेताय. उलट स्वारासह ३२ आणि रिकामी गाडीच २० बसते, तर स्प्रिंग कडक आहे. रिंगने हे दोष जात नाहीत. स्प्रिंग बदलावी लागते.

रिंग फिरवली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही

मागच्या शॉकअपवर खाचांची रिंग असते ती प्रीलोडची. गॅरेजात ‘दोन खाचा कडक कर’ असं सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात रिंग फिरवल्याने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. ती जितकी आधीच दाबलेली असते तितका गाडीचा मागचा भाग उंच राहतो, एवढंच. किलोमागे किती मिलिमीटर दबायचं ते स्प्रिंगच्या तारेची जाडी आणि वेढे ठरवतात.

याचा उपयोग असा: चाक सुटल्याबरोबर फिरत असेल आणि स्वारासह बसणं चाळीसच्या पुढे असेल, तर एक खाच वाढवा. मागचा भाग थोडा उंच होईल, वजनाचा मध्य वर जाईल आणि भार थोडा जास्त व लवकर मागे येईल. स्वारासह बसणं वीसच्या आत असेल तर एक खाच कमी करा. शेवटच्या खाचेवर ठेवलेल्या गाडीत हलका स्वार बसला की शॉकअप जवळजवळ पूर्ण उघडाच राहतो. खड्ड्यात चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि ते हवेत फिरतं. दुसऱ्या टोकाला, फार खाली बसलेली गाडी सुटताना आतल्या रबरी गुल्ल्यावर जाऊन आदळते. तो धक्का बसला की सस्पेन्शन क्षणभर दगड होतं आणि टायर सुटतो.

रिंग फिरवण्याआधी खाचांतला चिखल ब्रशने आणि रॉकेलने साफ करा. शेतातून आलेल्या गाडीच्या रिंगमध्ये माती अशी बसलेली असते की पाना खाचेत पूर्ण शिरत नाही, निसटतो आणि बोटांची सालटं चिमट्यावर निघतात. आकड्याचा वाकडा पाना वापरा. छिन्नी-हातोडीने ठोकू नका. दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे खाच तीच हवी. पुसता येणार नाही अशी रंगाची खूण करून ठेवा.

उसळीवरचा लगाम

स्प्रिंग दाबली की ती परत उसळणारच. त्या उसळीला लगाम घालतं ते शॉकअपमधलं तेल. दाबतानाचा विरोध म्हणजे कम्प्रेशन, उघडतानाचा विरोध म्हणजे रिबाउंड. आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांवर या दोन्हींचा स्क्रू नसतो. प्रीलोडच्या रिंगवर भागवावं लागतं. महागड्या मोनोशॉकवर किंवा बाहेरून घेतलेल्या शॉकअपवर रिबाउंडचा आणि कधी दोन्हींचा असतो.

स्क्रू असेल तर आधी तो घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा आणि टकटक मोजत उघडा. कंपनीच्या पुस्तकातला आकडा ही तुमची पहिली जागा. जोराने पिळून बंद करू नका. आतली सुई खराब होते.

मग लक्षणं पाहायची.

चाक सुटता क्षणी फिरतं आणि व्हिडिओत गाडी बराच वेळ बसतच जाते: भार उशिरा पोहोचतोय. कम्प्रेशन एक-दोन टक वाढवा.

गाडी सुरुवातीला छान पकडते, पण पाच-सात मीटरवर अचानक फिरते, आणि व्हिडिओत त्याच वेळी मागचा भाग वर उसळताना दिसतो: रिबाउंड ढिलं आहे. दोन टक वाढवा. पहिल्या साठ फुटांत सगळ्यात जास्त सापडणारा दोष हाच, आणि लोक त्याचा राग क्लचवर काढतात.

खूण तुटक-तुटक आहे आणि गाडी दर उंचवट्यागणिक खाली खाली जाते, वर येतच नाही: रिबाउंड जास्त झालंय, चाक खड्ड्यात परत पोहोचत नाही. दोन टक कमी करा.

सगळं नीट, पण पट्टीवरच्या सांध्यावर चाक उडतं: कम्प्रेशन जास्त आहे किंवा टायरमध्ये हवा जास्त आहे. आधी हवा पाहा.

स्क्रू नसलेल्या गाडीत हेच दोष दिसले तर नवा शॉकअप घेण्याआधी वरचं सॅगचं गणित बरोबर आहे का ते पुन्हा तपासा. आणि गॅस भरलेला शॉकअप गावातल्या गॅरेजात उघडू नका. आत दाबाखालचा नायट्रोजन असतो. झाकण उडून तोंडावर येऊ शकतं.

चिमटा, चेन आणि हवा

मोटरसायकलची एक गंमत चारचाकीवाल्यांना माहीत नसते. चिमट्याचा पुढचा खिळा ॲक्सलपेक्षा उंच असतो. चाक गाडीला पुढे ढकलतं तेव्हा तो तिरपा चिमटा मागच्या भागाला वर उचलायला बघतो, आणि चेनची ओढही त्यात भर घालते. भारामुळे बसणं आणि या ओढीमुळे उठणं यांची रस्सीखेच चालू असते. गाडी खूप खाली घेतली की चिमटा आडवा होतो, उठवणारी ओढ संपते आणि गाडी सुटताना धपकन बसते. म्हणून मागची उंची एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त बदलू नका.

उंची बदलली की चेन तपासा. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा खिळा आणि ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात घट्ट होते. दोघा-तिघांनी मागे दाबून गाडी त्या स्थितीत आणा आणि तिथे चेनला थोडा ढिलेपणा उरतोय का पाहा. उरत नसेल तर सुटताना चेन शॉकअपला दबूच देणार नाही आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येईल. तेव्हाच मडगार्ड आणि टायरमधली जागाही बघून घ्या.

टायरची हवा शॉकअपच्या आधी ठरवायची, कारण टायर हाही एक स्प्रिंगच आहे. कंपनीने सांगितलेल्या आकड्यापासून सुरू करा, थंड टायरवर मोजा, एका वेळी २ पीएसआय कमी करा आणि एकूण पाच-सहा पीएसआयपेक्षा जास्त उतरवू नका. पट्टीच्या शेवटी गाडी शंभराच्या पुढे असते; तिथे लिबलिबीत टायर डुलतो. साध्या टायरला लांबलचक बर्नआउट देऊ नका. धूळ झटकण्यापुरता फिरवला की बास. जास्त तापवला तर रबर तेलकट होतं आणि पकड उलट जाते.

स्पर्धेच्या दिवशी

वेळेची चिठ्ठी मिळाली की शेवटचा आकडा पाहण्याआधी पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे १८.३ मीटरचा आकडा असेल तर तो पाहा. शॉकअपची परीक्षा तिथेच होते. इथे वाचवलेला सेकंदाचा दहावा भाग ४०२ मीटरवर साधारण दीडपट ते दुप्पट होऊन मिळतो, असा ड्रॅगवाल्यांचा ठोकताळा आहे. हिरवा दिवा लागल्यावर तुम्ही किती उशिरा हललात तो वेळ वेगळा मोजतात. चाक सुरुवातीच्या रेषेवरचा प्रकाशकिरण ओलांडून निघालं की धावण्याचं घड्याळ सुरू होतं. म्हणून सेटिंग तपासताना दिव्याची घाई करू नका. शांतपणे, प्रत्येक वेळी त्याच आरपीएमवर आणि तसाच क्लच सोडा.

एका फेरीत एकच गोष्ट बदला. हवा, रिंग आणि क्लच तिन्ही एकदम बदलले आणि वेळ सुधारला, तर कशाने सुधारला ते देवालाच ठाऊक. वहीत ओळ लिहा: वाजले किती, ऊन कसं, हवा किती, खाच कितवी, टक किती, साठ फूट, शेवटचा वेळ, आणि व्हिडिओत काय दिसलं. बदलाने फरक पडला नाही तर आधीच्या जागी परत या, मगच दुसरी गोष्ट धरा.

चेन्नईला जाणाऱ्यांनी एक हिशोब लक्षात ठेवावा. आपला भाग समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंच आहे. तिथे समुद्रसपाटीला हवा सहा-सात टक्क्यांनी दाट मिळते, कार्बोरेटर नीट जमवला की इंजिनाचा जोरही जवळजवळ तेवढाच वाढतो. इकडे न फिरणारं चाक तिकडे फिरेल. त्याला शॉकअपचा दोष समजून पाना काढण्याआधी सुटतानाचे आरपीएम पाचशेने कमी करून पाहा.

चारचाकीचं थोडं वेगळं

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. तिथे सगळं उलटं. भार मागे जाणं हे नुकसानच, कारण ओढणारी चाकं हलकी होतात. अशा गाडीत मागचे शॉकअप आणि स्प्रिंग कडक ठेवतात, म्हणजे मागचा भाग पटकन बसत नाही आणि नाक वर उचलत नाही. भार जायचा तेवढा जातोच, पण गाडी डोलत नाही आणि पुढची चाकं एकसारखी दाबलेली राहतात.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि पाट्यांचं सस्पेन्शन असलेल्या गाड्यांत, जुन्या जीपसारख्या, दुखणं निराळं. जोर आला की ॲक्सल पाट्यांसकट पीळ घेतो आणि सुटतो, पुन्हा घेतो, आणि चाकं धडधडत उडतात. तिथे शॉकअप कितीही बदला, आधी पाट्यांचे यू-बोल्ट, बुश आणि मधला बोल्ट तपासा. पाटे घट्ट असतील तरच शॉकअप त्यांना आवरू शकतो.

घरी निघण्याआधी

ड्रॅगची सेटिंग घरच्या रस्त्याला घातक आहे. कमी हवेचा टायर माळशेजच्या वळणावर डुलेल, बांधलेला फोर्क खड्ड्यात हात मोडेल. ट्रॅकवरून निघण्याआधी पट्टे सोडा, हवा भरा, रिंग आणि स्क्रू वहीतल्या जुन्या आकड्यावर आणा. त्याच गाडीवर उद्या दुधाचे कॅन बांधायचे असतील किंवा आईला नारायणगावच्या बाजाराला न्यायचं असेल, तर भारानुसार प्रीलोड वाढवायलाही विसरू नका. चिमटा लांब करणं, चासीला वेल्डिंग करणं असले बदल मात्र परत फिरवता येत नाहीत. कलम १८२-अ प्रमाणे रस्त्यावरच्या गाडीत असा बेकायदा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ते करायचंच असेल तर फक्त ट्रॅकसाठी, टेंपोत घालून न्यायची गाडी वेगळी ठेवा.

खर्चाचा क्रम कुणी विचारला तर असा: आधी चांगला मागचा टायर, मग क्लच प्लेट आणि चेनसेट, मग चिमट्याचे बुश, मग तुमच्या वजनाची स्प्रिंग, आणि सगळ्यात शेवटी स्क्रूवाला महागडा शॉकअप. पहिल्या चार गोष्टी नीट झाल्यावर पाचवीची गरज आहे की नाही, ते तुमच्या वहीतले साठ फुटांचे आकडेच सांगतील.